इंदापूरचे राज्यपाल : हरी विनायक पाटसकर

अमेरिकेत घटकराज्याचा गव्हर्नर लोक मते देऊन निवडतात. राज्याचा कारभार त्याच्या हाती असतो. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि कारभार मंत्रिमंडळ करते. म्हणून आपल्याकडील राज्यपालाची थोरवी मापावयाची, तर राजभवनाबाहेरचे त्याचे कार्यही पाहावे लागते.

हरी विनायक पाटसकर यांचा जन्म १८९२ साली आपल्या तालुक्याच्या गावी, इंदापुरास झाला. वकिली त्यांनी खानदेशात, चाळीसगावी केली. पुढे ते घटना समितीचे सभासद झाले आणि १९५२ साली जळगावातून लोकसभेवर गेले. १९५७ ते १९६५ ते मध्य प्रदेशचे राज्यपाल होते. त्याच काळात आंध्र व मद्रास यांच्या सीमातंट्यात त्यांनी मध्यस्थी केली. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा या तत्त्वांवर तो तंटा मिटला. सीमाभागासाठी महाराष्ट्र आजही याच तत्त्वांचा आधार घेतो.

परंतु आम्हांस त्यांचे याहून मोठे वाटते ते कार्य त्याआधीचे. हिंदू संहितेचे विधेयक रखडले, हे एक कारण देऊन डॉ. आंबेडकर १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडले. नंतर त्या विधेयकाचे भाग पाडण्यात आले. विधिखात्याचे मंत्री म्हणून पाटसकरांनी विवाहाचा कायदा १९५५ साली व वारसाचा १९५६ साली लोकसभेत तडीस नेला. बाप मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळू लागला. विधवेची मिळकत पूर्णपणे तिच्या मालकीची झाली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र मुलगी जन्मतः हिस्सेदार झाली नाही. ती उणीव महाराष्ट्राने १९९४ साली व देशाने २००५ साली दूर केली.

पुढे पाटसकर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले व १९७० साली वारले. 

आता अंथुर्ण्याच्या शिवाराकडे वळू. आमच्याकडे कालव्याच्या पाण्याखालची जमीन म्हणजे घराचा जीव. बाप गेला, की सातबाऱ्यावर वारसनोंद होते आणि थोड्याच दिवसांत बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. माहेर तुटू नये म्हणून बहीण मुकाट्याने सही करते, आणि भाऊ तिला साडी-चोळी करून वाटे लावतो. आम्हीही अशा कागदांवर साक्षीदार म्हणून सह्या केल्या आहेत. त्या करताना तिला तिचा वाटा किती, हे आम्ही सांगितले नाही.

ज्या तालुक्यात पाटसकर जन्मले, तेथे निदान एवढे तरी व्हावे : सही घेण्यापूर्वी तिला तिचा वाटा मोजून सांगावा. मग सोडायचा की ठेवायचा, हे तिचे तिने ठरवावे.