धडा घेण्यातली चूक

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. पण खेळाच्या मैदानालाही इतिहास असतो, आणि माणसाच्या स्वभावाबद्दल तोही आपल्याला पुष्कळ काही सांगतो. आज अशीच एक हकीकत पाहू.

इंग्लंडच्या फुटबॉल संघाने १९६६ साली जगज्जेतेपद मिळवले. त्याचे व्यवस्थापक होते सर आल्फ रॅम्झे. त्या वेळी जागतिक स्पर्धेत सामना चालू असता खेळाडू बदलण्याची मुभाच नव्हती. अकराजण उतरले की तेच अखेरपर्यंत. १९७० च्या मेक्सिको येथील स्पर्धेत प्रथमच दोन खेळाडू बदलण्याची सवलत मिळाली. व्यवस्थापकाच्या हाती नवे हत्यार आले म्हणा ना!

१४ जून १९७० रोजी लिऑन शहरी इंग्लंडची गाठ पश्चिम जर्मनीशी पडली. वेळ भर दुपारची, ऊन रणरणते, आणि गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर. इंग्लंडने दोन गोल करून सामना जवळजवळ खिशात घातला. इतक्यात बेकेनबाउअरने जर्मनीचा पहिला गोल केला. त्यानंतर लगेच रॅम्झे यांनी ३२ वर्षांच्या बॉबी चार्ल्टनला बाहेर घेतले, आणि पुढे मार्टिन पीटर्सलाही. तीनच दिवसांनी उपांत्य सामना होता. चार्ल्टनला विश्रांती मिळावी हा हेतू. पण झाले भलतेच. झेलरने बरोबरी साधली, जादा वेळात म्यूलरने तिसरा गोल केला आणि इंग्लंड ३-२ असे हरले.

सारे खापर त्या बदलांवर फुटले. पण जरा थांबा. पहिला गोल झाला तेव्हा चार्ल्टन मैदानावरच होता की नाही? शिवाय नेहमीचा गोलरक्षक बँक्स आजारी होता. उलट जर्मनांच्या श्योन यांनी ताज्या दमाचा ग्राबोव्स्की उतरवला आणि त्याने इंग्लंडच्या दमलेल्या बचावाला पळापळा करायला लावले. म्हणजे खेळाडू बदलणे ही काही मूळची चूक नव्हती. केव्हा, कोणाला आणि कशासाठी बदलायचे, हा खरा प्रश्न होता.

आता पुढचे पाहा. १७ ऑक्टोबर १९७३. वेम्ब्लीच्या मैदानावर पोलंडला हरवल्याशिवाय इंग्लंडला १९७४ च्या स्पर्धेत प्रवेश नव्हता. इंग्लंडने हल्ल्यामागून हल्ले केले, पण पोलंडचा गोलरक्षक टोमाशेव्स्की भिंतीसारखा उभा. १-१ अशी बरोबरी काही सुटेना. नव्या दमाच्या माणसाची गरज उघड दिसत होती, तरी रॅम्झे बसूनच राहिले. केव्हिन हेक्टरला त्यांनी उतरवले ते अवघी दोनेक मिनिटे उरली असताना! सामना बरोबरीत सुटला, इंग्लंड स्पर्धेबाहेर गेले, आणि १९७४ साली रॅम्झे यांचे पदही गेले.

रॅम्झे यांच्या मनात शिरून तर आपल्याला पाहता येत नाही. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण आठवल्यावाचून राहत नाही. एकदा घाई नडली, दुसऱ्यांदा उशीर.

शेतकऱ्याला हे नवे नाही. पहिल्याच सरीवर पेरले, पाऊस दडला आणि दुबार पेरणी कपाळी आली. म्हणून पुढच्या वर्षी तो चांगला वापसा असूनही वाट पाहत बसला, तर ते शहाणपण झाले का? धडा 'लवकर पेरू नये' हा नव्हता. 'ओल किती खोल गेली ते पाहून पेरावे' हा होता.

शिक्षकबंधूंनो, आणि भगिनींनो, मुलाचे गणित चुकले तर 'पुन्हा असे करू नकोस' एवढे सांगून भागत नाही. कोणत्या पायरीवर चुकले आणि का, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावे. नुसती चूक ध्यानात राहिली तर मनात भीती बसते. तिचे कारण समजले तरच पुढचे पाऊल नीट पडते.