जन्माचा देश आणि जर्सीचा देश

विश्वचषक फुटबॉलचे दिवस आले की कोल्हापुरातील पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. त्याच अर्जेंटिनाकडून १९३० सालच्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम लढत लुईस मोंती खेळला. चार वर्षांनी, १९३४ मध्ये, तो पुन्हा अंतिम लढतीत उतरला, पण इटलीच्या संघातून. दोन वेगळ्या देशांकडून विश्वचषकाची अंतिम लढत खेळण्याचा असा योग पुरुष फुटबॉलमध्ये पुन्हा कोणाच्याही वाट्याला आलेला नाही.

परदेशात जन्मलेल्या खेळाडूला आपला नागरिक करून राष्ट्रीय संघात घेण्याच्या प्रथेविषयी, आणि भारतात ती प्रथा का रुजली नाही याविषयी हा धागा.

मोंती एकटा नव्हता. रायमुंदो ओर्सी आणि एन्रिके ग्वाइता हे अर्जेंटिनात जन्मलेले आणखी दोघे त्या इटालियन संघात होते. १९३४ च्या अंतिम लढतीत चेकोस्लोव्हाकियाशी बरोबरी साधणारा गोल ओर्सीचा, तर उपांत्य लढतीत ऑस्ट्रियाला हरवणारा गोल ग्वाइताचा. इटलीतून दक्षिण अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांच्या या मुलांना इटलीत ‘ओरिउंदी’ म्हणत. पूर्वज इटालियन म्हणून त्यांना नागरिकत्व सहज मिळे. मुसोलिनीच्या राजवटीला विजय हवे होते आणि या मुलांच्या पायांत ते होते.

मात्र नागरिक झाला की नागरिकाची कर्तव्येही आलीच. १९३५ मध्ये इटली इथिओपियावर स्वारी करण्याच्या तयारीत असताना ग्वाइताला लष्करभरतीची धास्ती वाटली आणि तो रोम सोडून पळाला. ज्या देशाला त्याने वर्षभरापूर्वी अंतिम फेरीत पोहोचवले होते, त्याच्यासाठी युद्धावर जाण्याची त्याची तयारी नव्हती. या साऱ्या इतिहासात इतका बोलका प्रसंग दुसरा क्वचितच सापडेल.

महायुद्धानंतरही देशबदल चालूच राहिले. १९५४ चा अंतिम सामना हंगेरीचा कर्णधार म्हणून खेळलेला पुश्काश १९६२ च्या विश्वचषकात स्पेनकडून खेळला. १९५८ च्या विश्वविजेत्या ब्राझील संघातील अल्ताफिनी त्याच १९६२ च्या स्पर्धेत इटलीच्या संघात होता. पुढे त्या दशकात फिफाने एकदा वरिष्ठ संघाकडून खेळलेल्या खेळाडूसाठी दुसऱ्या देशाचे दार बंद केले.

मग पळवाट निघाली ती अद्याप कोणत्याच देशाकडून न खेळलेल्या खेळाडूंची. २००४ मध्ये कतारने जर्मनीच्या लीगमध्ये गाजत असलेल्या ब्राझीलच्या आयल्तोनला पैसे देऊन आपल्याकडे वळवण्याचा घाट घातला. कतारशी त्याचा ना जन्माचा संबंध, ना वास्तव्याचा. फिफाने हा बेत हाणून पाडला आणि दंडक घातला : खेळाडू, त्याचे आईवडील किंवा आजीआजोबा त्या देशात जन्मलेले असावेत, नाहीतर खेळाडूने तिथे २ वर्षे राहिलेले असावे. २००८ मध्ये वास्तव्याची ही अट वयाच्या १८ व्या वर्षानंतरच्या ५ वर्षांवर नेण्यात आली.

भारताचा प्रश्न या दंडकाच्या अलीकडचा आहे. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या नावात ‘सिटिझन’ हा शब्द असला तरी ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. तरीही काही काळ खेळांत सवलत होती. अमेरिकेचा नागरिक असलेला प्रकाश अमृतराज भारताकडून डेव्हिस चषक खेळला. डिसेंबर २००८ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने भारतीय नागरिकांनाच राष्ट्रीय संघात स्थान देण्याचे धोरण घेतले आणि ती वाट बंद झाली. धोरण तत्त्वाला धरून होते, यात शंका नाही. पण इतर देशांतील अनेक खेळाडू जन्माचे पारपत्र खिशात ठेवून आजोळच्या संघाकडून खेळत असताना, भारताकडून खेळू इच्छिणाऱ्याला ते परत करावे लागणार, हे त्यातून पक्के झाले.

ही किंमत प्रथम मोजणाऱ्या फुटबॉलपटूचे नाव महाराष्ट्राच्या मैदानांशी जोडलेले आहे. अराता इझुमी १९८२ मध्ये जपानमधील शिमोनोसेकी येथे जन्मला. वडील गुजराती वंशाचे, आई जपानी. २००६ मध्ये तो ईस्ट बंगालकडे आला, नंतर मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळला आणि २००९ पासून पुणे एफसीचा आधारस्तंभ झाला. जपानी पारपत्र सोडून तो भारतीय नागरिक झाला, नीलकंठ खंभोलजा हे नाव त्याने स्वीकारले आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. गंमत अशी की, ज्या जपानने ब्राझीलमध्ये जन्मलेल्या रुई रामोसला नागरिक करून १९९२ चा आशियाई चषक जिंकला, त्याच जपानचा एक मुलगा भारताने आपलासा केला.

इझुमीनंतर मात्र बारा वर्षे ही वाट जवळजवळ ओसच होती. मग मार्च २०२५ मध्ये शिलाँगला बांगलादेशाकडून इंग्लंडमध्ये जन्मलेला हमजा चौधरी उतरला. आई बांगलादेशी, तो देश ब्रिटनच्या पारपत्रासह आपलेही पारपत्र ठेवू देतो. तो सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात भारत ०-१ असा हरला. शेजारी देशाने भारताला हरवण्याची ही दोन दशकांतील पहिलीच वेळ.

त्याच नोव्हेंबरमध्ये रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारतीय झाला. पर्थमध्ये जन्मलेला, बेंगळुरू एफसीकडून खेळणारा विल्यम्स २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेला होता. अधिकृत स्पर्धेतील सामना नसल्याने फिफाचे दार उघडे राहिले. त्याची आई मुंबईची. आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५० च्या दशकात संतोष करंडकात मुंबईकडून खेळले होते.

इझुमी आणि विल्यम्स या दोघांचेही भारताशी रक्ताचे नाते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने या नात्याला जवळची वाट दिली आहे : ज्याचे आई किंवा वडील स्वतंत्र भारताचे नागरिक होते, त्याला अर्जापूर्वी १२ महिने भारतात राहून नोंदणीने नागरिकत्व मागता येते. ज्याच्याकडे वास्तव्याखेरीज काहीच नाही, त्याला अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षे, म्हणजे एकूण १२ वर्षे येथे राहिल्याचे दाखवावे लागते.

कोल्हापूरकरांना हा फरक शाहू स्टेडियमवर बसून समजू शकतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या मंडळांची नावे कुस्तीच्या तालमींची आहेत, पण आज त्यांची ईर्ष्या फुटबॉलची आहे. पेठेचा संघ म्हणजे पेठेची अब्रू, हा येथला रिवाज. त्याच संघांत गेल्या काही वर्षांपासून आफ्रिकेतून, विशेषतः नायजेरियातून आलेले खेळाडू दिसतात. गोल झाला की पेठ त्यांना खांद्यावर घेते. गोल करणारा कुठला, हे त्या क्षणी कोणी विचारत नाही.

असा एखादा तरुण विसाव्या वर्षी येथे आला आणि येथेच राहिला, तर फिफाची वास्तव्याची अट तो पंचविसाव्या वर्षी पूर्ण करील. भारताच्या कायद्याची अट पूर्ण होईपर्यंत तो बत्तीस वर्षांचा झालेला असेल. वडिलांचे नाते असूनही इझुमीच्या अंगावर भारताची जर्सी आली, तेव्हा तोही तिशीला पोहोचला होता.