हर्बार्टच्या चाराची पाच कशी झाली?

बी.एड. झालेल्या जुन्या शिक्षकाला झोपेतून उठवून हर्बार्टची पंचपदी विचारा. प्रस्तावना, विषय प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन ही नावं तो एका दमात म्हणून दाखवील. सराव पाठांची टाचणं काढून काढून ती बोटांतच बसलेली असतात. पण खुद्द हर्बार्टने पाच पदं कधी सांगितलीच नव्हती. त्याची होती चार.

योहान फ्रीडरिश हर्बार्ट (1776-1841) हा जर्मन तत्त्वज्ञ. विशीत असताना तो स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या तीन मुलांना घरी शिकवत असे आणि मुलांची प्रगती त्यांच्या वडिलांना पत्राने कळवत असे. 1799 साली त्याने बुर्गडॉर्फला स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझीला शिकवताना पाहिलं. पुढे 1809 मध्ये तो कोनिग्जबर्गला, कांटच्या अध्यासनावर गेला. त्याआधी, 1806 च्या शिक्षणशास्त्रावरील ग्रंथात त्याने स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था आणि पद्धती अशा चार पायऱ्या मांडल्या होत्या. नवी कल्पना मनात एकटी तग धरत नाही, आधीच्या कल्पनांनी तिला ओळखून आपल्यात सामावून घ्यावं लागतं, हे त्यामागचं सूत्र. टाचणातला 'पूर्वज्ञान' हा रकाना त्याचाच वंशज.

हर्बार्ट गेल्यावर शिष्यपरंपरेने सूत्रं हाती घेतली. लाइपझिगच्या टुइस्कॉन झिलरने पहिल्या पायरीचे दोन भाग केले: मुलांना आधीचं काय ठाऊक आहे ते उकलायचं आणि मग नवं पुढे ठेवायचं. चाराची पाच झाली ती इथे. येनाच्या विल्हेल्म राइनने या पाचांना शिक्षकाच्या कामाची नावं दिली: तयारी, मांडणी, जोडणी, सारांश, उपयोग. मुलाच्या मनात काय घडतं याचं वर्णन होतं, त्याचं शिक्षकाने काय करावं याचं वेळापत्रक झालं. तरीही झिलरची पाच पदं एका पाठ्यघटकासाठी होती. घटक संपायला अनेक तास लागले तरी चालत.

पुढची वाट झपाट्याची. जर्मनीत शिकून गेलेल्या अमेरिकनांनी 1890 च्या दशकात हर्बार्टच्या नावाने संस्था काढली. काही वर्षांतच तिच्या नावातून हर्बार्ट गळाला. आपल्याकडे हे सगळं इंग्रजी राजवटीतल्या प्रशिक्षण महाविद्यालयांच्या वाटेने आलं आणि मुक्कामाला राहिलं.

इथे पाच पदांना 35 मिनिटांच्या तासात बसावं लागलं, आणि खरी कुचंबणा प्रस्तावनेची झाली. छात्राध्यापक विचारतो, "फळांचा राजा कोण?" "आंबा!" "जंगलाचा राजा?" "सिंह!" "आणि रयतेचा राजा?" वर्ग एका सुरात "शिवाजी महाराज!" म्हणतो. लगेच हेतुकथन: "आज आपण शिवाजी महाराजांविषयी माहिती घेणार आहोत." मागच्या बाकावरचे निरीक्षक खूण करतात. रकाना भरला, पण या वर्गाला महाराजांविषयी आधी काय ठाऊक आहे ते शिक्षकाला शेवटपर्यंत कळलं नाही. ते कळावं म्हणून तर झिलरने ती पायरी वेगळी काढली होती.

शैक्षणिक उद्दिष्टांचं ब्लूमचं 1956 चं वर्गीकरण आल्यावर टाचणात उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं यांचे रकाने वाढले. मग मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं असं मानणारा ज्ञानरचनावाद आला. पंचपदीला जुनाट ठरवून 'फाइव्ह ई' आराखडा शिकवला जाऊ लागला: गुंतवणं, शोधणं, स्पष्ट करणं, विस्तारणं, मूल्यमापन. तो 1980 च्या दशकात रॉजर बायबी आणि बीएससीएस या अमेरिकी संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधला. त्याच संस्थेने 2006 मध्ये या आराखड्याचा उगम आणि परिणाम यांवर अहवाल काढला, आणि त्यातली वंशावळ सुरू होते हर्बार्टपासून! घराबाहेर काढलेले आजोबा नातवाच्या हाताला धरून परत आले म्हणायचे.

म्हणून नव्या आराखड्याने जुन्याला हसू नये. दोष पदांच्या संख्येत नाही, ती एका घंटेत कोंबण्यात आहे. आणि 'फाइव्ह ई'चे पाच रकानेही आता त्याच 35 मिनिटांत भरून घेतले जातात. अध्यापक महाविद्यालयांनी एवढं एक करावं: टाचण तासाचं न मागता घटकाचं मागावं.