लायटरच्या खोबणीतून आलेली वीज

मागच्या हिवाळ्यात अमरावतीहून काही विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही आकाशदर्शनासाठी चिखलदऱ्याला गेलो होतो. अंधार पडल्यावर दुर्बीण लावायची, त्याआधी तासभर पडद्यावर ग्रहताऱ्यांची चित्रे दाखवायची असा बेत होता. मैदानावर वीज नव्हती. पण आम्ही आणलेल्या भाड्याच्या एसयूव्हीच्या डिकीत, मागच्या दाराजवळ, एक जादा सॉकेट होते. गाडीवाल्या काकांनी ते अकोल्याला एका ओळखीच्या मेकॅनिककडून बसवून घेतले होते. त्यात छोटा इन्व्हर्टर लावला, इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर आणि स्पीकर जोडले.

पाचच मिनिटांत इन्व्हर्टर पिंपिं करू लागला आणि बंद पडला. व्होल्टेज कमी असल्याची ती खूण होती. तोच इन्व्हर्टर पुढे डॅशबोर्डवरच्या सॉकेटमध्ये लावला, तर बिनतक्रार चालला. मग इंजिन बंद ठेवून आम्ही गप्पांसह तीन तास कार्यक्रम केला. दरम्यान एका मुलीच्या लक्षात आले की डिकीतले सॉकेट हाताला चटका देते आहे आणि चटईखालून गेलेली वायर कोमट लागते आहे.

पहाटे निघायच्या वेळी गाडी उठेना. काका म्हणाले, "बॅटरी त दोनच वर्षांची हाये सर, मंग इंजिन काहून उठून नाही रायलं?" आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी उतारावर ढकलली तेव्हा ती चालू झाली. मुलांची करमणूक झाली, पण आम्हाला हसू आले नाही. मेळघाटात पुष्कळदा गावात असलेली एखादी गाडी हीच रात्रीची रुग्णवाहिका असते. रात्री कुणाला परतवाड्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली असती तर?

एकाच बॅटरीवरची दोन सॉकेटे. एक चालते आणि दुसरे का चालत नाही? आणि चांगली बॅटरी तीन तासांत का बसते? परतीच्या वाटेवर मुलांनी हे प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे शोधू लागलो तेव्हा आम्ही शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाऊन पोहोचलो.

विस्तवासाठी केलेली खोबण

सुरुवातीच्या मोटारींमध्ये आजच्यासारखी बॅटरी असतेच असे नव्हते. इंजिन हँडल फिरवून चालू करीत, दिवे ॲसिटिलीन वायूवर जळत. शिशाची बॅटरी मात्र त्याआधीच अस्तित्वात आली होती. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी ती १८५९ मध्ये तयार केली. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरचा स्टार्टर आला आणि चित्र पालटले. स्टार्टर फिरवायचा तर बॅटरी हवी, बॅटरी भरायची तर डायनामो हवा. अशा रीतीने प्रत्येक मोटारीत एक छोटे वीजघर येऊन बसले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवू या. या बॅटरीचे पहिले काम इंजिन उठवणे हे आहे. काही सेकंद प्रचंड प्रवाह देणे, आणि मग इंजिन चालू असताना पुन्हा भरून घेणे, यासाठीच तिची रचना झालेली आहे.

आता खोबणीकडे वळू. विजेने सिगार पेटवण्याचे उपकरण ऑस्ट्रियातील फ्रीडरिश विल्हेल्म शिंडलर यांनी १८८० च्या दशकातच केले होते. मोटारीत ते येऊ लागले तेव्हा तापणारी तार लांब वायरीला जोडलेली असे. ती ओढून हातात घ्यायची आणि सिगार पेटवायची. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वायर नसलेला, उचलून घेता येणारा लायटर आला, आणि त्याला बसायला डॅशबोर्डमध्ये खोबण आली. पुढे या खोबणीत द्विधातूच्या पट्ट्या आल्या. तापल्यावर या पट्ट्या वाकतात, लायटरवरची पकड सोडतात आणि लायटर टुपकन बाहेर येतो. आठवी-नववीत उष्णतेने होणारे प्रसरण शिकवताना देण्याजोगे हे छान उदाहरण आहे.

हा लायटर साधारण दहा अँपिअर प्रवाह घेतो, पण केवळ दहा-पंधरा सेकंद. तेवढ्या वेळात वायर तापायला लागते न लागते तोच काम संपलेले असते. खोबणीच्या तळाशी एक स्पर्शबिंदू आणि कडेला धातूची भिंत, एवढीच जोडणी त्याला पुरते. तासन् तास वीज पुरवण्याचा विचार ही रचना करताना कोणी केलेलाच नव्हता.

जीप, भोंगा आणि ट्रॅक्टरची बॅटरी

गाडीच्या मागच्या टोकाला वीज नेण्याची गरज लष्कराला लवकर भासली. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला मागे एक सॉकेट असे. जीपला जोडलेल्या ट्रेलरचे दिवे त्यावर लागत. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि ही गाडी आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर दिसू लागली. सरकारी अधिकारी, डॉक्टर, निवडणुकीचे उमेदवार, सगळ्यांचीच ती गाडी झाली.

प्रचाराच्या जीपवर भोंगा लागला, पण त्याला वीज देणे तेव्हा आजच्याइतके सोपे नव्हते. त्या काळातले ॲम्प्लिफायर निर्वात नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालत. व्हॉल्व्हला दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत आणि बॅटरी तर सहा किंवा बारा व्होल्टची. मग व्हायब्रेटर नावाची एक कंप पावणारी कळ बॅटरीचा प्रवाह सेकंदाला शंभरेक वेळा उलटसुलट करी आणि ट्रान्सफॉर्मर त्याचे व्होल्टेज चढवी. १९४७ च्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्यानंतरच्या वीस वर्षांत बारा व्होल्टवर थेट चालणारी उपकरणे बाजारात आली. गाडीची वीज गाडीबाहेरच्या कामांना उपयोगी पडू लागली ती खरी तेव्हापासून.

वऱ्हाडातल्या ज्येष्ठ शिक्षकांना १९८७-८८ मधले रविवार आठवत असतील. दूरदर्शनवर 'रामायण' सुरू व्हायचे आणि नेमकी वीज जायची. मग कोणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात यायची आणि तिला चिमटे लावून कृष्णधवल संच चालायचा. हे बिनबोभाट चाले, कारण संचाला वीज थोडी लागे आणि वायर हातभर लांब असे. त्या हातभर वायरीचे महत्त्व पुढे कळेल.

सहाचे बारा कशासाठी?

१९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक अमेरिकी गाड्या सहा व्होल्टवर चालत. इंजिने मोठी झाली, स्टार्टरला अधिक शक्ती लागू लागली आणि कारखानदारांनी बारा व्होल्ट स्वीकारले. याचे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे.

शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह. १२० वॅट हवे असतील तर सहा व्होल्टला २० अँपिअर लागतात, बारा व्होल्टला १० आणि घरच्या २३० व्होल्टला जेमतेम अर्धा. वायरीत वाया जाणारी शक्ती मात्र प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. प्रवाह निम्मा झाला की त्याच वायरीतला तोटा चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच वीजमंडळ लाखो व्होल्टवर वीज वाहून नेते. गाडी बारा व्होल्टवर थांबली, आणि त्यामुळे गाडीत लांबवर वीज नेणे नेहमीच महाग पडते.

मागच्या दाराकडे

१९९० च्या दशकात दोन गोष्टी एकदम घडल्या. पाश्चात्त्य देशांत गाडीत धूम्रपान करणारे कमी झाले आणि मोबाइल फोन आले. भारतात मोबाइल सेवा जुलै १९९५ मध्ये सुरू झाली. फोन भरण्यासाठी गाडीत हाताशी एकच जागा होती, ती म्हणजे लायटरची खोबण. कारखानदारांनी लायटर काढून टाकला, पण खोबण ठेवली आणि तिला 'पॉवर आउटलेट' म्हटले. सुमारे २१ मिलिमीटर व्यासाचे ते गोल भोक सिगार पेटवण्यासाठी ठरलेले होते. जगभर आधीच पसरलेले असल्यामुळे तेच कायम झाले. यातल्या पुष्कळ नव्या खोबणींत द्विधातूच्या पट्ट्या नसतात. तेथे चुकून जुना लायटर दाबला तर तो आपोआप सुटत नाही, तापतच राहतो.

एसयूव्ही आणि व्हॅनसारख्या मोठ्या गाड्यांत मग डिकीतही अशी खोबण येऊ लागली. टायरमध्ये हवा भरण्याचा पंप, लहान फ्रीज, दम्याच्या रुग्णाचा नेब्युलायझर अशा कितीतरी वस्तू तिच्यावर चालू लागल्या. ज्या गाड्यांत ती नव्हती, त्यांच्या मालकांनी ती बाहेरून बसवून घेतली. आमच्या काकांनी केले ते हेच.

काकांच्या वायरीचा हिशेब

काकांच्या परवानगीने आम्ही चटई उचलून पाहिले. बॅटरीपासून डिकीपर्यंत सहा मीटर आणि परत सहा मीटर, अशी दीड चौरस मिलिमीटर जाडीची बारा मीटर वायर होती. या जाडीच्या तांब्याच्या एक मीटर वायरीचा रोध सुमारे ०.०११५ ओहम असतो. बारा मीटरचा झाला ०.१३८ ओहम. प्रोजेक्टर आणि स्पीकर चालवताना इन्व्हर्टर सुमारे १२ अँपिअर घेत होता. ओहमच्या नियमाने वायरीतच १.६५ व्होल्ट गळून पडले. इंजिन बंद असताना बॅटरीने १२.२ व्होल्ट दिले तरी मागे पोहोचले साडेदहा, आणि बहुतेक इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपासच आरडाओरडा सुरू करतात. डॅशबोर्डची वायर आखूड होती, म्हणून तेथे तो चालला.

वायरीत गळलेली वीज नाहीशी झाली नव्हती. १.६५ गुणिले १२, म्हणजे सुमारे २० वॅट उष्णता वायरीभर पसरली होती. सॉकेटची गोष्ट याहून वाईट. तळाचा स्पर्शबिंदू रस्त्यातल्या हादऱ्यांनी सैल झाला होता. सैल जोडणीचा रोध जास्त, आणि तिथली सगळी उष्णता एका टाचणीएवढ्या जागेत जमा होते. चटका त्याचा होता.

सर्वांत गंभीर चूक मात्र हाताला न लागणारी होती. फ्यूज मागे, सॉकेटजवळ लावलेला होता. फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो असा आपला समज असतो. गाडीत त्याचे पहिले काम वायरीचे रक्षण करणे हे आहे. चटईखाली वायर कुठे घासून पत्र्याला टेकली, तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर लोटू शकते आणि मागचा फ्यूज ते नुसते पाहत बसतो, कारण तो प्रवाह त्याच्यातून जातच नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा.

आता बसलेली बॅटरी. ती ६५ अँपिअर-तासांची होती. १२ अँपिअरने तीन तास म्हणजे ३६ अँपिअर-तास, निम्म्याहून अधिक. त्यात चिखलदऱ्याची थंडी, आणि थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. शिवाय ही बॅटरी अकोल्याचे दोन उन्हाळे सोसून आलेली. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला होता आणि बॉनेटखाली तर तो त्याहून कितीतरी वर असतो. शिशाच्या बॅटरीचे तापमान दहा अंशांनी वाढले तर तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे काकांची बॅटरी दोन वर्षांची खरी, पण वयाने त्याहून मोठी झालेली होती.

काकांनी पुढच्याच आठवड्यात वायर बदलली. सहा चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज, आणि किल्ली फिरवल्याशिवाय मागे वीज जाऊ न देणारा रिले. तेवढ्याच प्रवाहाला आता वायरीत ०.४ व्होल्टच गळतात. इंजिन बंद ठेवून कार्यक्रम करायचा तर आम्ही आता वेगळी बॅटरी नेतो.

आता विजेवर चालणाऱ्या काही गाड्या शेकडो व्होल्टच्या मोठ्या बॅटरीतून २३० व्होल्टची वीज बाहेर देतात. भारतात २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाईच्या आयोनिक-५ मधून अशी ३.६ किलोवॅटपर्यंत वीज घेता येते. येथे मात्र बाहेर वीज देण्याचा विचार रचनेपासूनच झालेला आहे, लायटरच्या खोबणीची उसनवारी नाही. वऱ्हाडातल्या बहुतेक गाड्यांत मात्र अजून तीच खोबण आहे.

वर्गात करून पाहा

मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी, इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा, मल्टिमीटर आणि एक छोटा फ्यूज घ्या. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ जोडा. दिवा प्रथम हातभर जाड वायरीने लावा आणि दिव्याच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजा. मग अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची दुपदरी वायर दहा मीटर घेऊन तोच दिवा लावा. साधारण एक व्होल्ट कमी भरेल आणि दिवा मंद झालेला डोळ्यांनाही दिसेल. त्यानंतर तीच वायर निम्मी करा, दुहेरी करा आणि प्रत्येक वेळी मोजण्याआधी मुलांना उत्तर वर्तवायला सांगा. शेवटी फ्यूज बॅटरीजवळच का जोडला, हे विचारा. आमच्या वर्गात याचे उत्तर चटईखालची वायर कोमट लागते असे सांगणाऱ्या त्या मुलीनेच दिले.