पाडा ते फाटा : जव्हार-मोखाड्यात सायकलीने कामावर जाताना

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत कामावर जायचे म्हणजे प्रथम फाटा गाठायचा. एसटी मुख्य रस्त्यावरून धावते, खासगी जीपगाड्याही तेथेच मिळतात. पाडे मात्र रस्त्यापासून दोन, चार, सहा किलोमीटर आत, डोंगरउतारावर किंवा ओहळापलीकडे विखुरलेले आहेत. सकाळची गाडी धरण्यासाठी तासभर आधी पायी निघावे लागते आणि ती चुकली, तर दिवसाची मजुरी बुडते किंवा रजा मांडावी लागते. मोटारसायकल अनेकांना परवडत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना पेट्रोलचा खर्च रोज टोचतो. अशा वेळी सायकलीचा विचार पुढे येतो आणि बहुधा एका वाक्यात संपतो, ‘हा डोंगराळ भाग, येथे सायकल कशी चालणार?’

प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर सरसकट ‘नाही’ असे नाही. जव्हार ते मोखाडा हे सुमारे पंचवीस किलोमीटरचे अंतर रोज सायकलीने कापण्याचा सल्ला कोणी देणार नाही. पाड्यापासून फाट्यापर्यंत, फाट्यापासून आश्रमशाळा, उपकेंद्र वा ग्रामपंचायतीपर्यंत आणि जव्हार शहराच्या हद्दीत मात्र सायकल उत्तम उपयोगी पडू शकते. त्यासाठी अंतर, चढ, पाऊस आणि अंधार या चार गोष्टींचा हिशेब आधी मांडावा लागतो.

पाच किलोमीटरची मोजपट्टी

ग्रामीण भागासाठी आखलेल्या शासकीय योजनांत पाच किलोमीटर हा आकडा वारंवार भेटतो. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने मजुराला गावापासून पाच किलोमीटरच्या आत काम द्यावे, त्याहून दूर दिल्यास दहा टक्के जादा मजुरी द्यावी, अशी तरतूद केली होती. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्यात येते. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली.

हेच अंतर चालत गेल्यास सव्वा तास जातो. कच्चा-पक्का परंतु फारसा चढ नसलेला रस्ता असेल, तर साधी सायकल तासाला बारा ते पंधरा किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे पाच किलोमीटरला वीस ते पंचवीस मिनिटे पुरतात. एका फेरीत पाऊण तास वाचला, तर जाऊन-येऊन दिवसाकाठी दीड तास आणि पंचवीस कामाच्या दिवसांत सदतीस तासांहून अधिक वेळ हाती उरतो. शेतीची कामे, पाणी भरणे आणि मुलांचा अभ्यास याच वेळात बसवावा लागतो.

दुसरा लाभ शरीराचा आहे. सपाट रस्त्यावर तेवढेच अंतर चालण्यापेक्षा सायकलीने जाण्यास बरीच कमी शक्ती लागते. ज्या तालुक्यांचे नाव कुपोषणाच्या संदर्भात १९९० च्या दशकापासून सातत्याने घेतले जाते, तेथे ही बचत लहान मानता येणार नाही. मात्र उपाशीपोटी चढ चढणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे. नागलीची भाकरी खाऊन आणि पाण्याची बाटली घेऊनच निघावे.

चढाचे गणित

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर, पठारावर वसले आहे. येथून विक्रमगडकडे घाट उतरतो. मोखाड्यापुढे त्र्यंबकच्या दिशेने रस्ता पुन्हा डोंगर चढू लागतो. सूर्यमाळचा परिसर तर याहूनही उंच. त्यामुळे येथे अंतरापेक्षा उंचीतील फरक अधिक महत्त्वाचा ठरतो.

माणूस, सायकल व पिशवी मिळून ऐंशी किलो वजन धरले, तर ते शंभर मीटर वर चढवण्यासाठी सराव नसलेल्या व्यक्तीला सपाट रस्त्यापेक्षा साधारण पाव तास जादा लागतो. म्हणून पाडा आणि फाटा यांच्या उंचीत पन्नास मीटरपर्यंत फरक असेल, तर सायकलीने निर्धास्त जावे. शंभर मीटरपर्यंत फरक असल्यास गिअरची सायकल घ्यावी किंवा मधला टप्पा ढकलत नेण्याची तयारी ठेवावी. त्याहून अधिक उंची एकाच दमात चढायची असेल, तर सायकल रोजच्या वापराची राहत नाही.

चढावर उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा मानू नये. ढकलत नेली तरी चालण्यापेक्षा फार जास्त वेळ लागत नाही आणि उरलेल्या सपाटीवर व उतारावर तो भरून निघतो.

चढ कोणत्या वेळी वाट्याला येतो, तेही पाहावे. पाडा फाट्याच्या खाली असेल, तर सकाळी चढ आणि संध्याकाळी उतार. कामावर घामाघूम होऊन पोचावे लागते, पण परतताना त्रास नसतो. पिशवीत एक कोरडा सदरा ठेवला की भागते. पाडा वर असेल, तर सकाळचा प्रवास सुखाचा होतो. मात्र दिवसभराच्या श्रमानंतर, दिवेलागणीला चढ समोर येतो. ही दुसरी वाट अधिक थकवणारी आहे आणि अनेकांची सायकल पहिल्याच महिन्यात भिंतीला टेकते ती याच कारणाने. अशा ठिकाणी परतीचा वेळ आधीच दुप्पट धरावा.

कोणती सायकल घ्यावी

आपल्याकडील पारंपरिक काळी सायकल मजबूत असते, तिच्या कॅरिअरवर धान्याचे पोते सहज राहते आणि तिचे सुटे भाग बहुतेक बाजारपेठांत मिळतात. तिचा दोष एकच. पुढच्या चक्राला साधारण ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असल्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे सव्वापाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे सोयीचे; चढावर मात्र तेवढाच जोर पायांवर येतो. गिअरच्या सायकलीत पुढचे व मागचे दात समान करता येतात, तेव्हा एका फेऱ्यात ती जेमतेम दोन मीटर सरकते. वेग घटतो, पण बसल्या जागी चढ चढता येतो. काळी सायकलच परवडत असेल, तर मागचे फ्रीव्हील २० किंवा २२ दातांचे बसवून घ्यावे. खर्च किरकोळ आणि फरक पहिल्याच चढावर कळणारा.

गिअर असलेल्या सायकली घेताना पुढचे शॉकअॅब्सॉर्बर, रंग आणि जाड टायर यांना भुलू नये. स्वस्त शॉकअॅब्सॉर्बर वजन वाढवतात आणि लवकर खिळखिळे होतात. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड व घंटी या चार गोष्टी कामावर जाणाऱ्याला अधिक आवश्यक असतात.

सीटची उंची जुळवणे फुकटचे काम, पण बहुतेक जण ते करत नाहीत. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर गुडघा सरळ व्हावा. एवढी उंची योग्य. सीट खाली राहिली की गुडघे दुखू लागतात आणि दोष सायकलीला दिला जातो.

विजेरी सायकलीचा पर्यायही आता उपलब्ध आहे. मोटर २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंच्या आत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती मोटार वाहन ठरत नाही; तिला नोंदणी वा परवाना लागत नाही. मात्र वीज नियमित नसलेल्या पाड्यांवर आणि दुरुस्ती करणारा जवळ नसताना ती घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

उतार, पाऊस आणि अंधार

डोंगराळ भागात चढ दमवतो आणि उतार घात करतो. उतारावर सायकल मोकळी सोडून वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबणे ही सर्वांत धोक्याची सवय. वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच कमी करावा. दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत. केवळ पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. ब्रेकचे रबर दर पंधरवड्याला पाहावे.

पावसात ओल्या रिमवर ब्रेकची पकड फार कमी होते, त्यामुळे थांबण्यासाठी नेहमीपेक्षा खूप अधिक अंतर लागते. उताराला लागण्यापूर्वी ब्रेक हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे. शेणाचा सडा, चिखल व ओला पालापाचोळा यांवर वळू नये. जून ते सप्टेंबर या काळात येथे मुसळधार पाऊस होतो आणि घाटात दिवसाही दाट धुके उतरते. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर ते घोट्याइतके दिसले तरी सायकल घालू नये. एका दिवसाची मजुरी गेली तरी चालेल. वाहत्या पाण्याशी पैज नको.

अंधाराची तयारी ही वर्षभराची बाब आहे. मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा, लाल रिफ्लेक्टर आणि पुढे बॅटरीवरचा दिवा हवाच. डायनॅमोचा दिवा सायकल थांबताच विझतो, हे ध्यानात ठेवावे. मनोर-विक्रमगड-जव्हार-मोखाडा-त्र्यंबक हा मार्ग राष्ट्रीय महामार्ग १६०-अ म्हणून घोषित झालेला असून त्यावरून अवजड वाहने जातात. अंधारात या रस्त्यावर सायकल चालवणे शक्यतो टाळावे. फाट्यावर सायकल लावून पुढे बस घ्यावी, हेच शहाणपणाचे. फाट्यावरील ओळखीच्या दुकानात किंवा घराच्या पडवीत सायकल ठेवण्याची सोय आधी करून साखळी-कुलूप जवळ बाळगावे.

बायकांची सायकल

अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि परिचारिका यांना एका दिवसात अनेक पाडे फिरावे लागतात. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असा शासनाचा निकष आहे. येथे ती लोकसंख्या मैलोगणती पसरलेली असते. सायकलीची सर्वाधिक गरज यांनाच, परंतु बालपणी शिकण्याची संधी न मिळाल्याने मोठ्या वयात संकोच आड येतो.

तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्याचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे १९९१ च्या सुमारास साक्षरता चळवळीचा भाग म्हणून ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकवण्यात आली. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडी सेविका आणि परिचारिका हजारोंच्या संख्येने सायकल चालवू लागल्या. पाणी, शेतमाल आणि मुलांची ने-आण यांसाठी त्यांना बसची वा घरच्या पुरुषाची वाट पाहावी लागेना. पुदुकोट्टईची जमीन बरीच सपाट आहे, हा फरक मान्य केला तरी शिकण्याचा मार्ग तोच आहे. एकटीने शिकण्यापेक्षा चार-पाच जणींनी मिळून, शाळेच्या मैदानावर, सीट खाली करून आणि प्रथम पायडल न मारता केवळ तोल सांभाळण्याचा सराव करावा. ज्या घरात शाळकरी मुलीला सायकल मिळाली आहे, तेथे सुट्टीच्या दिवशी तीच मुलगी आईची शिक्षिका होऊ शकते. साडी नेसणाऱ्यांनी आडवी नळी नसलेली सायकल, पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी घ्यावी.

देखभाल व खर्च

दोन गावांच्या मध्ये पंक्चरवाला मिळत नाही. म्हणून पंक्चर काढण्याचे साहित्य, लहान पंप आणि पाना जवळ असावा व पंक्चर स्वतः काढता यावे. उन्हाळ्यात पायवाटांवर काटे फार. टायरमध्ये अडकलेला काटा घरी पोचताच काढला, तर दुसऱ्या सकाळचे पंक्चर वाचते. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी चेन पुसून तेल द्यावे.

साध्या सायकलीला परवाना, नोंदणी वा विमा लागत नाही. सायकलींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला आहे. टपाल खात्याने तर सायकलीच्या खर्चाची दखल पूर्वीपासून घेतली असून पोस्टमनचा सायकल भत्ता जुलै २०१७ मध्ये दरमहा ९० रुपयांवरून १८० रुपये करण्यात आला. पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांसाठीही असा विचार व्हायला हरकत नाही.

सुरुवात कशी करावी

सुरुवातीला योग्य काळ दसऱ्यानंतरचा. पाऊस ओसरलेला असतो, ऊन तापायचे असते आणि पावसाळ्यापूर्वी हात बसण्यास सात-आठ महिने मिळतात. पहिल्या सुट्टीच्या दिवशी संपूर्ण वाट सायकलीने जाऊन यावे व घड्याळ लावून वेळ मोजावा. चढ, खड्डे, तीव्र वळणे आणि कुत्री असलेली घरे ध्यानात ठेवावीत. पहिल्या आठवड्यात दोन दिवस, दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस जावे. मोजलेल्या वेळात पंधरा मिनिटे मिळवूनच घर सोडावे. घाईतली सायकल उतारावर आवरत नाही. पाय दुखणे आठ-दहा दिवसांत कमी होते. गुडघा किंवा छाती दुखत राहिली, तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.

महिनाअखेरीस साधा जमाखर्च मांडावा. जीपचे किती भाडे वाचले, किती वेळा बस मिळाली, किती खाडे टळले, हे कागदावर लिहून पाहावे. काहींच्या बाबतीत चढ इतका निघेल, की सायकल विकून पुन्हा पायीच जाणे बरे वाटेल. परंतु ज्या पाड्यांची वाट पाच किलोमीटरच्या आत आणि चढ आवाक्यातला आहे, तेथे सकाळची पहिली एसटी चुकण्याची धास्ती उरणार नाही. आपली वाट या दोहोंपैकी कोणती, हे एका रविवारच्या फेरीत कळते.