रोज कामावर जाताना खिशात काय असावे?

निगडी, यमुनानगर, रुपीनगर, तळवडे या भागांतून रोज असंख्य लोक चाकण, भोसरी आणि तळेगावच्या कंपन्यांत कामाला जातात. कोणी कंपनीच्या बसने, कोणी दुचाकीने. सोबत डबा, पाण्याची बाटली, मोबाइल आणि आयकार्ड असते. रोजची औषधे मात्र घरच्या कपाटात किंवा लॉकरमधल्या बॅगेत असतात. शिफ्ट सुटण्याच्या वेळी तळवडे-महाळुंगे-चाकण रस्ता तुंबतो आणि रुग्णवाहिकेलाही त्याच गर्दीतून यावे लागते. अशा वेळी मदत पोहोचेपर्यंत तुमच्या अंगावर जे असेल तेच कामाला येते.

त्यासाठी मोठी पेटी लागत नाही. तळहाताएवढे पाकीट पुरते. त्यात काय ठेवायचे हे प्रत्येकाच्या आजारावर आणि कामावर अवलंबून आहे.

निवड करताना तीन प्रश्न विचारा

१. ही वस्तू मदत येण्याआधीच्या पहिल्या १०-१५ मिनिटांत उपयोगी पडेल का?
२. ती कशी वापरायची हे मला माहीत आहे का?
३. ती कायम माझ्या अंगावर राहील का?

तिन्ही उत्तरे 'हो' असतील तरच वस्तू पाकिटात ठेवा. बाकीचे कंपनीत मिळते. १९४८ च्या कारखाने कायद्यात दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ५०० हून जास्त कामगार असतील तिथे ॲम्ब्युलन्स रूम असावी अशी तरतूद होती. तुमच्या लाइनजवळची पेटी कुठे आहे आणि तिची चावी कोणाकडे असते, हे आजच विचारून ठेवा.

सर्वांत महत्त्वाची वस्तू : माहितीचे कार्ड

बेशुद्ध माणूस स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही. त्याचा मोबाइल लॉक असतो, आणि अनेक कंपन्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल नेऊ देत नाहीत. म्हणून कागदाचे कार्ड हवे. ते आयकार्डच्या मागे त्याच प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये बसते. त्यावर एवढे लिहा :

- नाव, वय
- आजार : मधुमेह, बीपी, दमा, फिट, हृदयविकार, अँजिओप्लास्टी झाली असल्यास वर्ष
- चालू औषधांची नावे व डोस. रक्त पातळ करणारी गोळी आणि इन्सुलिन ठळक अक्षरांत
- ॲलर्जी : विशेषतः कोणत्या औषधाची
- दोन फोन नंबर
- ईएसआय असल्यास विमा क्रमांक

दोन नंबरांपैकी एक जवळच्या माणसाचा हवा. गाव लातूर, बीड किंवा बिहारमध्ये असेल तर घरचे लोक तासाभरात पोहोचू शकत नाहीत. रूमवरचा सोबती किंवा शेजारी पोहोचू शकतो. रक्तगट लिहिला तरी चालेल, पण रक्त देण्यापूर्वी रुग्णालय तो पुन्हा तपासतेच. औषधे आणि ॲलर्जी ही माहिती त्याहून जास्त उपयोगाची आहे.

आजारानुसार काय ठेवावे

*मधुमेह :* इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी ग्लुकोज पावडरची छोटी पुडी किंवा साखर जवळ ठेवलीच पाहिजे. जेवण लांबले, ओव्हरटाइम झाला किंवा शिफ्ट बदलली की साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, जोराची भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. साखर ७० च्या खाली असेल किंवा तपासायची सोय नसेल आणि लक्षणे असतील, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर (साधारण ३ चहाचे चमचे) पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्या. बरे वाटल्यावर बिस्किटे, केळे किंवा पोळी खा. चॉकलेटमधल्या चरबीमुळे त्यातली साखर हळू चढते, म्हणून ते या कामाचे नाही. दुचाकीवर असाल तर आधी गाडी बाजूला घ्या. पूर्ण बरे वाटेपर्यंत गाडी किंवा मशीन चालवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

*दमा :* लगेच आराम देणारा, डॉक्टरांनी ठरवून दिलेला इनहेलर खिशातच हवा. दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात डिकी फार तापते. त्यावर डोस मोजणारा आकडा असेल तर आठवड्यातून एकदा बघा. इनहेलर घेऊनही एक वाक्य दमात पूर्ण होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर १०८ ला फोन करा.

*हृदयविकार :* डॉक्टरांनी जिभेखालची सॉर्बिट्रेट गोळी दिली असेल तर तीच ठेवा आणि बसूनच घ्या. या गोळीने बीपी उतरतो, उभे असाल तर चक्कर येऊन पडाल. पाच मिनिटांत छातीतले दुखणे कमी झाले नाही तर १०८ बोलवा. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल गट्टातली गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घेऊ नका, कारण बीपी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. ही गोळी 'कोणालाही छातीत दुखले तर देऊ' म्हणून बाळगायची नाही. ॲस्पिरिनही डॉक्टरांनी सांगितले असेल तरच.

*फिट :* कार्डवर ठळक लिहा. सोबत्यांना सांगून ठेवा की कांदा, चप्पल, किल्ली यांचा काही उपयोग नाही आणि तोंडात चमचा घालू नये. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा आणि झटके थांबले की कुशीवर वळवा. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर १०८.

जखमेसाठी

- चिकटपट्ट्या ४-५
- निर्जंतुक गॉजची बंद पाकिटे २
- गुंडाळायची एक पट्टी किंवा मोठा स्वच्छ रुमाल
- हातमोज्यांची एक जोडी
- झिप लागणाऱ्या स्वच्छ प्लॅस्टिक पिशव्या २

रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून सलग १० मिनिटे घट्ट दाबा. मध्ये उघडून बघू नका. हळद, कॉफी, चुना, मशीनचे ग्रीस यांपैकी काहीही जखमेवर लावू नका.

पिशव्या कशासाठी? प्रेस शॉपमध्ये बोट तुटण्याचे अपघात होतात आणि तुटलेले बोट अनेकदा चुकीच्या पद्धतीने आणल्यामुळे वाया जाते. आधी जखमी माणसाचे रक्त थांबवा. मग तुटलेला भाग स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. बर्फ कॅन्टीनमध्ये मिळतो. रुग्ण आणि बोट एकत्रच न्या, आणि निघतानाच फोन करून बोट जोडण्याची सोय असलेले रुग्णालय विचारा.

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. स्वच्छ पिण्याच्या पाण्याने धुवा. रसायन गेले असेल तर सलग १५-२० मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. रुमालाच्या टोकाने किंवा काडीने कण काढायला सोबत्याला सांगू नका. ग्राइंडिंग करताना उडालेला कण रुतलेला असू शकतो; तो डोळ्यांच्या डॉक्टरांनीच काढायचा.

काय ठेवू नये

- उरलेली अँटिबायोटिक्स, स्टेरॉइडच्या गोळ्या : यांची गरज पहिल्या १० मिनिटांत कधीच नसते.
- वेदनाशामक गोळ्यांचा साठा : रोजच्या अंगदुखीवर रोज गोळी घेतल्याने मूत्रपिंड आणि पोटाला इजा होते.
- सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या : त्या घेऊन प्रेस किंवा दुचाकी चालवणे धोक्याचे.
- सुट्या, नाव नसलेल्या गोळ्या : मेडिकलमधून स्ट्रिप कापून घेताना नाव आणि एक्स्पायरी असलेला भाग मागून घ्या.
- चाकू : बोथट टोकाची छोटी कात्री पट्टी कापायला पुरते, तीही कंपनीच्या गेटवर चालत असेल तर.

कुठे ठेवावे, कधी तपासावे

पाकीट पँटच्या चेनच्या खिशात ठेवा. फिरत्या मशीनजवळ गळ्यातली दोरी अडकू शकते, तिथे आयकार्ड शर्टच्या खिशात सरकवा. इन्सुलिन उन्हात किंवा डिकीत ठेवू नका. पगाराच्या दिवशी पाकीट रिकामे करून एकदा तपासा : एक्स्पायरी, भिजलेली पुडी, फाटलेले गॉजचे पाकीट. औषध बदलले की त्याच दिवशी कार्ड नव्याने लिहा. जुने कार्ड डॉक्टरांची दिशाभूल करते.

१०८ ला लगेच फोन कधी करावा?

छातीत दाब आणि घाम, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, न थांबणारा रक्तस्राव, श्वास घ्यायला त्रास. यांपैकी काहीही झाले तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून थांबू नका आणि स्वतः दुचाकी चालवत रुग्णालयात जाऊ नका. महाराष्ट्रात १०८ ची सेवा मोफत आहे. फोनवर रस्ता, चौक आणि कंपनीचा गेट क्रमांक सांगा.

रस्त्यावर अपघातग्रस्ताला मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १३४ अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. जखमी माणसाचे आयकार्ड उलटून बघा. मागे त्याचे कार्ड असेल तर ते रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांच्या हातात द्या.

*सूचना : ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. पाकिटात कोणते औषध आणि किती ठेवायचे हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.*