तालमीतला लातूर पॅटर्न

लातूर म्हटलं की आज सगळ्यांना 'लातूर पॅटर्न' आठवतो. दहावी-बारावीचे निकाल, शिकवण्यांच्या पाट्या, नांदेड-परभणीहून ट्रंका घेऊन उतरणारी मुलं. पण याच मातीनं महाराष्ट्राला शिक्षणाचा आणखी एक पॅटर्न दिला. त्याचे फलक चौकात लागत नाहीत, कारण तो तालमीत घडला. गंमत पाहा, 'तालीम' हा मूळ अरबी शब्द आणि त्याचा अर्थच मुळी शिक्षण. मदरशात जाणारं पोर तालीम घेतं आणि लंगोट कसणारं पोरही तालमीतच जातं. 'वस्ताद' म्हणजे उस्ताद, शिकवणारा. कुस्ती आणि पहिलवान हे शब्द फारसीतून आले, तर मल्ल आणि आखाडा आपले इथलेच. ते सगळे एकाच लाल मातीत इतके मिसळून गेले की कोण कुठून आलं हे आता कुणी विचारत नाही.

या शिक्षणातलं आपल्या भागातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार. गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. जन्म १९५० चा. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

मराठवाड्यात कुस्तीला आधार होता तो जत्रेचा आणि उरुसाचा. माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की एखाद्या खेड्यातल्या दर्ग्याचा उरूस, शेवटच्या दिवशी हलगी वाजली की सगळा गाव आखाड्याभोवती कडं करून बसायचा. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग रुपयांच्या, आणि दिवस कलता कलता शेवटची मानाची कुस्ती. जोड लावणारे पंच गावातलेच. जिंकलेल्या पोराला खांद्यावर घेऊन मिरवायचे, फेटा बांधायचे. पण फेट्यानं पोट भरत नाही. पहिलवानाला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम हे रोजच्या रोज लागतं आणि ते वर्षानुवर्षं लागतं. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरात एका माणसासाठी एवढं काढणं म्हणजे बाकीच्यांच्या ताटातलं काढणं.

तिकडे कोल्हापूरची गोष्ट वेगळी होती. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या. म्हणून आपल्याकडच्या होतकरू पोरानं गाठोडं बांधून कोल्हापूरची वाट धरायची, असा जणू रिवाजच पडला. बिराजदारही त्याच वाटेनं गेले आणि गंगावेस तालमीत घडले.

तालमीचं शिक्षण कसं असतं? पहाटे अंधारात उठायचं. आखाडा उकरायचा, माती चाळायची. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करायची. मग जोर, मग बैठका, मग लढती. दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी पुन्हा तेच. ढाक, घिस्सा, एकचाक, धोबीपछाड ही नावं पाठ करून काही होत नाही. एकेक डाव हजार वेळा अंगावरून जावा लागतो. इथं प्रश्नपत्रिका फुटत नाही आणि कृपागुणही मिळत नाहीत. पाठ मातीला लागली की निकाल लागला.

या शाळेचा पहिला मोठा निकाल १९६९ साली लागला, आणि योगायोग असा की तो लातुरातच लागला. त्या वर्षीचं महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन तिथं भरलं होतं. लातूर तेव्हा जिल्हासुद्धा नव्हता, तो १९८२ साली झाला. आपल्या भागातून बाहेर शिकायला गेलेला एकोणीस वर्षांचा तरुण परत येऊन घरच्या अंगणात केसरी झाला.

पुढच्याच वर्षी, १९७० साली, स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिथं माती नव्हती, मॅट होती. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. मातीत चितपट होईपर्यंत झुंजायचं, मॅटवर घड्याळ आणि गुण. ज्यानं सारं बळ मातीत कमावलं त्याला तिथं पाऊल टाकण्यापासून सगळं नव्यानं जमवावं लागतं. बिराजदारांनी ते जमवलं आणि सुवर्णपदक घेतलं. त्या स्पर्धेत भारताला पाच सुवर्णपदकं मिळाली आणि पाचही कुस्तीतलीच होती. त्यांतलं एक निलंगा तालुक्यातलं.

१९७२ मध्ये ते 'रुस्तुम-ए-हिंद' झाले. बहात्तर साल म्हटलं की आपल्या घरातली म्हातारी माणसं अजून गप्प होतात. खडी फोडणारे हात, सुकडी, मिलो ज्वारी, गावंच्या गावं कामावर. ज्या वर्षी मराठवाडा उपाशी होता, त्याच वर्षी त्याच्या एका मुलाच्या नावापुढे हिंदुस्थानच्या रुस्तमाचा किताब लागला. पुढे त्याच दशकात त्यांनी दिल्लीच्या सतपाललाही हरवलं आणि ती कुस्ती जुने शौकीन अजून रंगवून सांगतात.

पण पहिलवानाची उमर ती किती? दहा-बारा वर्षं, फार तर पंधरा. मग गुडघे बोलू लागतात. खुराक सुटतो, शरीर सुटतं, आणि काल ज्याला खांद्यावर घेतलं त्याला आज एस.टी.च्या रांगेत कुणी ओळखत नाही. आपल्या खेड्यापाड्यांत अशी कितीतरी माणसं दिसतील.

बिराजदार तसे विरले नाहीत, कारण त्यांनी दुसरा आखाडा धरला. पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत ते शिकवू लागले. पोरं त्यांना 'मामा' म्हणायची. लातूरजवळच्या साई गावचे काका पवार त्यांच्याकडेच घडले, त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि पुढे त्यांनी स्वतःचं कुस्ती संकुल काढलं. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे लहान वयात मामांच्या हाताखाली आला. मामांना २००६ साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला, एडिंबरोनंतर तब्बल छत्तीस वर्षांनी. सप्टेंबर २०११ मध्ये ते गेले. एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राहुलनं राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकलं आणि ते मामांना अर्पण केलं. गुरूचं पदक आणि शिष्याचं पदक यांत अठ्ठेचाळीस वर्षांचं अंतर आहे. स्पर्धा मात्र तीच आणि रंगही तोच.

रुस्तम हा फिरदौसीच्या 'शाहनामा'तला महावीर. त्याची कहाणी दुःखाची आहे. रणांगणात समोर आलेला तरुण आपलाच मुलगा सोहराब आहे हे त्याला कळत नाही आणि त्याच्याच हातून मुलगा मारला जातो. आपल्याकडेही म्हण आहे की वस्तादानं एक डाव राखून ठेवावा. दोन्हींत भीती एकच : मागून येणारा आपल्यापेक्षा मोठा झाला तर? आपल्या निलंग्याच्या रुस्तमानं ती भीती बाळगली नाही. त्याचे सोहराब जगले, वाढले आणि त्यांनी आपले सोहराब वाढवले.

जानेवारी २०२० मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे, म्हणजे मामांच्या शिष्याचे शिष्य. शैलेश निसटता हरला. जिंकलेल्या हर्षवर्धननं त्यालाच खांद्यावर उचलून घेतलं आणि मैदानात फिरवलं.

लातूर पॅटर्नमध्ये कोण पहिला आला ते दरवर्षी छापून येतं. तालमीच्या पॅटर्नमध्ये हरलेला कुणाच्या खांद्यावर बसला, हेही बघायला मिळतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)